खाली दुकान, वर घर : झोपेत धुराचा वास येत नाही, मग जागं कोण करणार?

३० ऑगस्ट २०२३, रक्षाबंधनाची पहाट. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत पूर्णानगरला हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली आणि तिथंच राहणारं चौघांचं कुटुंब गेलं. आई-वडील आणि दोन मुलं. ३ एप्रिल २०२४ ला छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात पहाटे कपडे शिवायच्या दुकानाला आग लागली. वर झोपलेले एकाच कुटुंबातले सात जण मरण पावले. ६ ऑक्टोबर २०२४, चेंबूरची सिद्धार्थ कॉलनी. पुन्हा पहाट, पुन्हा खाली दुकान आणि वर घर, पुन्हा सात जण. १८ मे २०२५ च्या रविवारी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात आठ जण गेले, आणि त्याच सकाळी हैदराबादेत चारमिनारजवळच्या गुलजार हौजला सतरा.

गावं वेगळी, धंदे वेगळे. वेळ मात्र तीच, आणि घराची रचनाही जवळपास तीच. पोटापाण्याचा व्यवसाय आणि अंथरूण एकाच छपराखाली.

संभाजीनगरच्या घटनेतली एक गोष्ट नीट वाचण्यासारखी आहे. आग वरच्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, गुदमरून मृत्यू झाले, असं पोलिसांनी त्याच दिवशी प्राथमिक माहितीच्या आधारे सांगितलं होतं. जाळ खाली राहिला, धूर जिन्यानं वर गेला.

हे वाचताना गडमुडशिंगीतल्या वाचकानं फोन खाली ठेवून एकदा आपल्या गल्लीकडे बघावं. एका अंगाला गांधीनगरची कपड्याची बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला विमानतळ आणि त्यापलीकडे गोकुळ शिरगावची एमआयडीसी. गावात आता खाली शटर आणि वर बाल्कनी असलेली घरं भरपूर आहेत. खाली कापडाचे गठ्ठे, शिलाई मशिनं, रंगाचे डबे, फोमच्या गाद्या किंवा किराणा. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर, देव्हारा. मधे एकच जिना, आणि त्या जिन्याखाली चार्जिंगला लावलेली स्कूटर. हा लेख प्रामुख्याने त्या घरांसाठी आहे. बाकीच्यांनाही उपयोगी पडेल, पण निकड तिथं आहे.

नाकाच्या भरवशावर झोपू नका

"आग लागली तर वासानं जाग येईल की!" असं जवळपास प्रत्येक जण म्हणतो. येत नाही. २००४ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्स्केडन आणि रेचल हर्झ यांनी झोपलेल्या माणसांना वास देऊन पाहिले. एक पुदिन्याचा, दुसरा पिरिडीन या रसायनाचा, नकोसा वाटणारा. माणसं गाढ झोपेत गेल्यावर दोन्ही वासांनी भरवशानं जागी झाली नाहीत. आवाजानं मात्र झाली. झोपेत नाक जवळजवळ सुट्टीवर असतं, कान ड्यूटीवर असतो. स्मोक अलार्मचं सगळं गणित एवढ्यावर उभं आहे. नाकानं करायचं काम एक डबी करते आणि कानाला कळवते.

धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोरानं चिकटतो. फोमची गादी, नायलॉन, ॲक्रिलिक असं काही जळत असेल तर सोबत हायड्रोजन सायनाइडही येतो. झोपलेला माणूस खोकत उठून खिडकी उघडेल, असं दृश्य सिनेमात असतं. प्रत्यक्षात तो झोपेतून थेट बेशुद्धीत जाऊ शकतो.

त्यात वेळही कमी झाला आहे. पूर्वी आग लागल्यापासून घराबाहेर पडायला साधारण १७ मिनिटं मिळायची, आता तीन किंवा त्याहूनही कमी, असं आगीच्या चाचण्या घेणारी अमेरिकेतली यूएल ही संस्था सांगते. कारण घरातलं सामान. सागवानी कपाट आणि कापसाची गादी सावकाश पेटायची. फोमचा सोफा आणि सिंथेटिक पडदा तसा पेटत नाही.

तिकडच्याच एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचा हिशोब असा, की चालू स्थितीतला अलार्म असलेल्या घरांत आगींच्या प्रमाणात होणारे मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी कमी असतात. यातले 'चालू स्थितीतला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्याकडे पुढे येऊच.

आधी बघा : तो स्वतः वाजतो का?

इथं माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण ती कुणाचीही होऊ शकते. मावशीचं घर गडमुडशिंगीत. खाली काकांचं तयार कपड्यांचं गोडाऊन, वर राहणं. चेंबूरच्या बातमीचे अपडेट दिवसभर टाकत बसलो होतो, त्याच रात्री तिच्यासाठी ऑनलाइन 'स्मोक डिटेक्टर' मागवला. पांढरी गोल डबी, स्वस्त, रेटिंग उत्तम. घरी जाऊन खोकं उघडलं तर मागे दोन-चार स्क्रू टर्मिनल, बॅटरीला जागाच नाही. बारीक अक्षरात लिहिलेलं : २४ व्होल्ट डीसी.

मावशीनं ती डबी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "आरं, ह्याला लाइट न्हाई, सेल न्हाई, आवाज बी न्हाई. मग हे करतंय काय?"

बरोबर प्रश्न होता. ती डबी फक्त धूर ओळखते. ती हॉटेल, हॉस्पिटल, ऑफिसमध्ये वायरनं एका पॅनेलला जोडलेली असते आणि भोंगा वेगळा असतो. घराच्या छताला ती नुसती चिकटवली तर शोभेशिवाय काही होत नाही. इंजिनिअरिंगची डिग्री असून मी हे वाचलं नाही, तर घाईत ऑर्डर करणाऱ्याचं काय होत असेल!

तेव्हा खरेदी करताना 'स्टँडअलोन' हा शब्द शोधा. म्हणजे डिटेक्टर, बॅटरी आणि भोंगा एकाच डबीत. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी किंवा दहा वर्षं टिकणारी सीलबंद लिथियम बॅटरी, आणि समोर 'टेस्ट' बटण. ईएन १४६०४ किंवा यूएल २१७ या मानकांचा उल्लेख असेल तर उत्तम. ही दोन्ही मानकं घरगुती अलार्मसाठीच आहेत. साधा अलार्म हजार-दोन हजार रुपयांच्या आसपास मिळतो. फार स्वस्त आणि मानकाचा पत्ता नसलेला घेऊ नका. वर्षानुवर्षं गप्प बसून एका रात्री न चुकता ओरडायचं, एवढंच त्याचं काम आहे आणि तेच सोपं नाही.

आणखी एक गल्लत : गॅस डिटेक्टर वेगळा, स्मोक अलार्म वेगळा. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून त्याचा डिटेक्टर खाली, जमिनीपासून फूटभर उंचीवर लावतात. गरम धूर वर जातो, म्हणून स्मोक अलार्म छताला. 'टू इन वन' म्हणून प्लगमध्ये खोचायची जी डबी विकतात, ती एका वेळी वर आणि खाली कशी असणार, हे विकणाऱ्यालाच विचारा.

आत काय असतं

कौलारू घरात दुपारी झोपलेला माणूस हे तत्त्व लहानपणापासून जाणतो. दोन कौलांच्या फटीतून कवडसा येतो. हवा स्वच्छ असेल तर तो जमिनीवरचा ठिपका तेवढा दिसतो. कुणी अंथरूण झटकलं की धुळीचे कण चमकतात आणि उन्हाची अख्खी तिरीप दिसायला लागते. उजेड कणांवर आपटून बाजूला फेकला जातो आणि आपल्या डोळ्यांपर्यंत येतो.

फोटोइलेक्ट्रिक अलार्ममध्ये एक काळी, अंधारी कप्पी असते. एका बाजूनं इन्फ्रारेड एलईडी उजेड टाकते. तो उजेड ज्याला दिसू शकेल असा सेन्सर मुद्दाम तिरक्या कोनात, उजेडाच्या वाटेबाहेर बसवलेला असतो. आत धूर शिरला, कणांवरून उजेड विखुरला आणि सेन्सरला 'कवडसा' दिसला की भोंगा वाजतो. एवढंच.

दुसरा प्रकार आयोनायझेशनचा. त्यात अमेरिसियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अगदी सूक्ष्म अंश असतो. भडकलेल्या ज्वाळांचा बारीक धूर तो लवकर पकडतो, पण धुमसणाऱ्या आगीत मागे पडतो आणि फोडणीला उगाच ओरडतो. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडे मिरचीचा ठेचा केला की अलार्म वाजतो, हे किस्से बरेचदा याच जातीचे. शिवाय तो आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांत येतो. कचऱ्यात फेकता येत नाही. कापडाचा गठ्ठा, गादी, वायरचं इन्सुलेशन हे सगळं आधी बराच वेळ धुमसतं. म्हणून घरासाठी फोटोइलेक्ट्रिकच घ्या. यात मला तरी दुसरं मत दिसत नाही.

कुठे लावायचा : पंखा, पत्रा आणि जिना

परदेशी माहितीपत्रकात 'खोलीच्या छताच्या मध्यभागी लावा' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे छताच्या मध्यभागी पंखा असतो आणि तो बारा महिने फिरतो. पंख्याचा झोत धूर बाजूला ढकलतो. एनएफपीएचा नियम आहे : पंख्याच्या पात्याच्या टोकापासून किमान तीन फूट लांब. आणि भिंत-छताच्या सांध्यापासून किमान चार इंच, कारण त्या कोपऱ्यात हवा कोंडून राहते, धूर उशिरा पोहोचतो.

आता हिशोब करा. दहा बाय बाराची खोली, मधोमध चार फुटी पंखा. रुंदीच्या दिशेनं पात्याच्या टोकापासून भिंतीपर्यंत जेमतेम तीन फूट उरतात. त्यातले चार इंच सोडले की नियम बसत नाही. लांबीच्या दिशेनं चार फूट उरतात. म्हणजे लांबीच्या टोकाच्या भिंतीपासून चार इंच ते एक फूट एवढ्याच पट्ट्यात अलार्म बसतो. भिंतीपासून वीतभर, असं लक्षात ठेवा. त्यातही दाराकडची बाजू घ्या, कारण धूर दारातून आत येणार आहे.

स्वयंपाकघरात स्मोक अलार्म लावू नका. गॅसच्या शेगडीपासून किमान दहा फूट लांब ठेवा, न्हाणीघराच्या दारापासून तीन फूट. गरम पाण्याची वाफही त्याला धुरासारखीच दिसते. स्वयंपाकघरात काही लावायचंच असेल तर हीट अलार्म मिळतो. तो धूर नाही, तापमान बघतो, आणि साधारण ५७-५८ अंशांना वाजतो. देव्हाऱ्याच्या थेट वर तर नकोच. उदबत्तीनं रोज वाजला की चौथ्या दिवशी बॅटरी काढून रिमोटमध्ये जाते, आणि तिथं विषय संपतो.

छत पत्र्याचं असेल तर गोष्ट वेगळी. उन्हानं तापलेल्या पत्र्याखाली गरम हवेचा थर साचतो. धुमसणाऱ्या आगीचा कोमट धूर त्या थराच्या खालीच अडकतो आणि पत्र्याला चिकटवलेल्या अलार्मपर्यंत पोहोचत नाही. अशा खोलीत अलार्म आतल्या भिंतीवर, छतापासून चार ते बारा इंच खाली लावा. जुन्या कौलारू सोप्यात धूर कौलांमधून निसटतो. तिथंही आड्याला टांगण्यापेक्षा झोपायच्या खोलीच्या दारावरची भिंत बरी. ऊसतोडीच्या हंगामात शेजारच्या रानात पाचट पेटलं आणि वारा गावाकडं असला तर अलार्म वाजू शकतो. तो बिघाड नव्हे. खिडक्या लावून घ्या आणि 'हश' बटण दाबा. ते काही मिनिटांपुरतं गप्प बसवतं, बंद करत नाही.

बसवताना डबल टेपचा मोह टाळा. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या छतावर टेप रंगासकट खाली येतो. ड्रिलनं सहा मिलिमीटरची दोन भोकं, प्लास्टिकचे प्लग, दोन स्क्रू. दहा मिनिटांचं काम. फक्त स्लॅबमधून पंख्याकडे गेलेली वायर कुठून जाते ते आधी वायरमनला विचारा. आणि डबीवर कारखान्यातून आलेली प्लास्टिकची टोपी असेल तर ती काढा. धूळ बसू नये म्हणून ती दिलेली असते. ती तशीच ठेवली तर धूरही आत जात नाही.

आता मुख्य मुद्दा, जिना. खालच्या मजल्यावर आग लागली की जिना चिमणीसारखं काम करतो. एकच अलार्म परवडणार असेल तर तो झोपायच्या खोलीबाहेर, जिना जिथं वर येतो त्या छताला लावा. दोन परवडत असतील तर दुसरा झोपायच्या खोलीत. पण खाली गोडाऊन असेल तर खरा अलार्म खालीच हवा, आणि तिथं एक अडचण आहे. घरगुती अलार्मचा आवाज तीन मीटरवर साधारण ८५ डेसिबल असतो. खाली शटर बंद, मधे स्लॅब, वर दार लावून पंखा चालू. तो आवाज वर पोहोचेल याची खात्री देता येत नाही. खालचा वाजला की वरचाही वाजला पाहिजे. रेडिओनं एकमेकांना जोडलेले अलार्म मिळतात. स्कॉटलंडनं १ फेब्रुवारी २०२२ पासून घरोघरी असे जोडलेले अलार्म बंधनकारक केले आहेत. आपल्या बाजारात ते कमी दिसतात आणि महाग असतात.

दुसरा मार्ग माझ्या फजितीतूनच सापडला. तो २४ व्होल्टचा डिटेक्टर! एक छोटं दोन झोनचं पॅनेल, त्याची बॅकअप बॅटरी, खाली गोडाऊनमध्ये दोन डिटेक्टर आणि भोंगा वर मावशीच्या खोलीबाहेर. काही हजारांत जमलं. लाइट गेली तरी बॅटरीवर चालतं. हे काम करणारे फायर अलार्मवाले कोल्हापुरात आहेत. एमआयडीसीतले कारखाने त्यांच्याकडून करून घेतातच. डिटेक्टरमधली अंतरं, जागा यांसाठी आयएस २१८९ हे भारतीय मानक आहे. काम देताना 'त्याप्रमाणे करा' असं नुसतं म्हणालात तरी समोरचा जरा सावरून बसतो.

घरात वृद्ध किंवा लहान मुलं असतील तर आणखी एक काळजी. नेहमीच्या अलार्मचा स्वर बारीक, तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा असतो. वयोमानानं कान आधी बारीक स्वरच गमावतो. लहान मुलंही त्या आवाजात बिनदिक्कत झोपून राहतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. ५२० हर्ट्झच्या जाड आवाजाचे अलार्म जास्त परिणामकारक असतात, पण ते सहज मिळत नाहीत. मिळेपर्यंत घरातल्या एका धडधाकट माणसानं मुलांना आणि आजी-आजोबांना उठवायची जबाबदारी नावानिशी घ्यावी. 'कुणीतरी उठवेल' यावर सोडू नये.

अमावास्येला बटण, खंडेनवमीला बॅटरी

अलार्म असलेल्या घरांतही माणसं मरतात, आणि त्यामागे बऱ्याचदा बॅटरी संपलेली किंवा काढून ठेवलेली असते. म्हणून देखभाल ही लावण्याइतकीच महत्त्वाची.

महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबायचं. तारीख लक्षात राहत नाही, म्हणून मी मावशीला अमावास्या दिली. आपल्याकडे दर अमावास्येला गाडीला, मशिनला नारळ फुटतो, लिंबू-मिरची बदलते. त्याच हातानं केरसुणीच्या दांड्यानं बटण दाबायचं. घरातल्या सगळ्यांनी तो आवाज ऐकायचा, मुलांनी तर नक्कीच. बॅटरी बदलायची असेल तर वर्षातून एकदा, खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारं पुसली जातातच. नऊ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी घ्या. साधी स्वस्त बॅटरी लवकर उतरते. बॅटरी उतरायला लागली की अलार्म दर मिनिटाला एकदा 'टिक्' किंवा 'चिप्' असा आवाज करतो. तो आवाज पहाटेच्या गारव्यात सुरू होण्याची शक्यता जास्त, कारण थंडीत बॅटरीचा व्होल्टेज पडतो. वैतागून काढून ठेवू नका. सकाळी नवी घाला.

सहा महिन्यांतून एकदा कोरड्या मऊ ब्रशनं किंवा व्हॅक्यूम क्लीनरनं जाळीवरची धूळ काढा. पाणी, फिनेल, कीटकनाशकाचा फवारा काहीही नको. कोळी आणि बारीक किडे त्या अंधाऱ्या कप्पीत घर करतात, आणि कोळ्याचं जाळं सेन्सरला धुरासारखं दिसतं. कापडाच्या गोडाऊनमध्ये हवेत तंतू असतात, तिथं ही सफाई दर दोन-तीन महिन्यांनी करा. दिवाळीआधी रंगकाम काढलंत तर अलार्म पिशवीनं झाका आणि रंगारी गेला की त्याच दिवशी पिशवी काढा. तपासायला म्हणून उदबत्तीचा धूर थेट आत सोडायची सवय अनेकांना आहे. नको. तिची तेलकट काजळी आत बसते.

आणि दहा वर्षांनी तो बदलायचा. बटण दाबल्यावर वाजत असला तरी. भोंगा ठीक असतो, सेन्सर म्हातारा झालेला असतो. मागच्या बाजूला उत्पादनाची तारीख छापलेली असते. लावतानाच मार्करनं डबीच्या कडेला मोठ्या आकड्यांत साल लिहून ठेवा.

वाजला तर

अलार्म आग विझवत नाही. तो मिनिटं देतो. त्या मिनिटांत बाहेर पडायला वाट नसेल तर त्याचा उपयोग नाही, आणि आपल्या घरांत वाटच नसते. खाली शटर, तेही मोटरचं असलं तर लाइट गेल्यावर वर जात नाही. खिडकीला गज. गच्चीच्या दाराला कुलूप, आणि किल्ली गोडाऊनच्या ड्रॉवरमध्ये!

आज रात्री झोपण्यापूर्वी करता येतील अशा गोष्टी : गच्चीची किल्ली दाराशेजारी खिळ्याला. मोटरच्या शटरचा हातानं फिरवायचा दांडा कुठे आहे ते सगळ्यांना माहीत. स्कूटर जिन्याखाली चार्जिंगला नाही. एक खिडकी अशी, जिचे गज आतून उघडतात. फॅब्रिकेटरकडून बिजागरी आणि कडी लावून घेता येते.

अलार्म वाजला की दाराला हाताची मागची बाजू लावून बघा. गरम असेल तर उघडू नका. फटीत ओलं कापड कोंबा आणि खिडकीशी जा. गरम नसेल तर खाली वाकून, रांगत बाहेर. जाताना दार ओढून घ्या. बंद दार धूर बराच वेळ अडवतं. जिन्यात धूर असेल तर खाली उतरू नका, गच्ची गाठा. बाहेर पडल्यावर ११२ किंवा १०१. फोन, दागिने, वह्या यांसाठी कुणीही परत आत जायचं नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना अख्ख्या कोल्हापूरनं मोबाइलवर पाहिलं. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये उभं राहिलेलं ते नाट्यगृह शहराच्या मध्यात होतं, आणि आत माणसं नव्हती म्हणून जीव वाचले. गडमुडशिंगीत ग्रामपंचायत आहे, आणि ग्रामपंचायतीकडे सहसा स्वतःचा बंब नसतो. तो बाहेरून यायचा. हद्दवाढीच्या चर्चेत गावाचं नाव येत-जात राहील. बंब यायला लागणारी मिनिटं तोवर तेवढीच राहतील.

मग सरकार काय करतं?

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे, डिसेंबर २००८ पासून लागू. इमारतीच्या मालकानं परवानाधारक एजन्सीकडून अग्निसुरक्षा यंत्रणा तपासून घ्यायची आणि दर वर्षी जानेवारी आणि जुलैत 'नमुना ब' प्रमाणपत्र द्यायचं, अशी त्यात तरतूद आहे. व्यवहारात ही नजर उंच इमारती, हॉस्पिटलं, मॉल, मोठे कारखाने यांच्यावर असते. १५ मीटरच्या खालचं दुमजली घर आणि त्याच्या पोटातलं दुकान या नजरेतून निसटतं. दुकान कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असतील तर मालकानं ऑनलाइन सूचना दिली की झालं, नोंदणीचीही गरज नाही. छोट्या व्यावसायिकाला कागदपत्रांतून सोडवलं हे चांगलंच, पण त्याच्या डोक्यावर रात्री कुटुंब झोपतं, ही गोष्ट कुठल्याच फॉर्ममध्ये येत नाही.

आणखी एक परवाना, आणखी एक दाखला आणि त्यासाठी आणखी हेलपाटे, हे मी मागत नाही. पण बांधकाम परवानगीच्या नकाशावर खाली 'दुकान गाळा' आणि वर 'निवास' असं लिहिलेलं असतं, तेव्हा परवानगी देणाऱ्यानं दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे? दुसरी वाट कुठे आहे, आणि खालचा धूर वर कळणार कसा? घरपट्टीच्या पावतीमागे या दोन ओळी छापल्या तरी चालेल. ग्रामपंचायत हे उद्यापासून करू शकते. त्याला मुंबईहून जीआर यायची गरज नाही. गांधीनगरच्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन पॅनेल आणि डिटेक्टर ठोकात घेतले तर किंमतही खाली येईल. घासाघीस कशी करायची, हे त्यांना शिकवायला नको.

मावशीकडचं पॅनेल लागून आता काही अमावास्या झाल्या. एकदा धुपानं वरचा वाजला, एकदा खालच्या डिटेक्टरमध्ये कोळी सापडला. शेजारच्या दोघांनी येऊन बघितलं, एकानं आकडा विचारला. जिन्याखालची खोकी मात्र अजून तिथंच आहेत. सणाचा माल उठला की हलवतो, असं काका म्हणालेत.